नमुन्याची फीत

चित्रपटांत नट होण्याची हौस धरणारे विद्यार्थी आमच्या परतवाड्यांतही थोडे नाहींत. अशा मुलानें आरंभ कोठून करावा, असें पालक विचारतात. म्हणून या विषयाचा थोडा विचार करूं.

नवख्या नटाकडे निर्माते जी वस्तु मागतात तिला हल्लीं डेमो रील म्हणतात. अभिनयाचे निवडक तुकडे जोडून केलेली दोनएक मिनिटांची ही फीत होय. नांव नवें, पण कल्पना जुनी आहे. १९१२ सालीं दादासाहेब फाळके यांस भांडवल हवें होतें. नुसत्या शब्दांवर पैसा कोण देणार? त्यांनीं वाटाण्याचें रोप उगवून वाढतांना कॅमेऱ्यानें टिपलें. कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर क्षणांत पाहून कर्ज देणारा भेटला. पुढें १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटांत त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. कथा सुरू होण्यापूर्वीं ती पडद्यावर येऊन केवळ मुद्रेनें निरनिराळे भाव दाखविते. आमच्या मतें नटाच्या नमुन्याचा याहून चांगला धडा नाहीं.

कारण पाहणारास चेहरा हवा असतो. मोठ्या नटांची नक्कल आणि कानठळ्या बसविणारें संगीत यांत तो हरवतो. खिडकीच्या उजेडांत, साध्या भिंतीपुढें, मोबाईल स्थिर ठेवून चित्रण करावें. दुसऱ्या पात्राचीं वाक्यें मित्रानें कॅमेऱ्याशेजारीं बसून म्हणावीं. बोलतांना सगळेच अभिनय करितात. दुसऱ्याचें ऐकतांना काय होतें, तेंही दिसूं द्यावें. एक तुकडा प्रमाण मराठींत असावा, एक खुशाल आपल्या वऱ्हाडींत. तिची लाज कशाला?

खरे तुकडे मात्र इतरांच्या चित्रपटांतून मिळतात. दिग्दर्शन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस नट हवेच असतात. अरुण खोपकर यांनीं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें शिकत असतां १९७४ सालीं ‘तीव्र मध्यम’ हा लघुपट केला. त्यांत स्मिता पाटील होत्या. त्या काळीं त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असत. अशा कामांत पैसा बहुधा नसतो. पण चित्रपटाची प्रत मिळेल, हें आधींच ठरवून घ्यावें.

पालकांसाठीं दोन शब्द. चांचणीसाठीं किंवा भूमिका देतों म्हणून जो पैसे मागतो, त्याच्या वाऱ्यासही उभें राहूं नये. प्रामाणिक निर्माता नटाला पैसे देतो, त्याजकडून घेत नाहीं. आणि पुण्याच्या त्या संस्थेंत अभिनय शिकण्यास पदवी लागते, हेंही मुलास सांगावें. तोंवर चेहरा बदलतो, आवाज फुटतो. म्हणून फीतही दरवर्षीं नवी करावी लागते.