शेत त्याचं, वाट सगळ्यांची
जर्सी जातीचा वळू दहा महिन्यांचा झाला, की इंग्लंडमधल्या अनेक शेतांत त्याला मोकळं सोडायला बंदी आहे, कारण त्या शेतांतून सार्वजनिक पायवाट जाते. हियरफर्डसारखा मांसासाठी पाळलेल्या जातीचा वळू असेल तर चालतं. मात्र त्याच्यासोबत गाई किंवा कालवडी हव्यात. दुभत्या जातींचे वळू जास्त तापट, आणि गाईंच्या घोळक्यातला वळू सहसा वाटसरूच्या वाटेला जात नाही, हा त्यामागचा अनुभव. १९८१ सालच्या कायद्यात अशा सात दुभत्या जाती चक्क नावानिशी दिल्या आहेत. (खरं तर वासरू पायाशी असलेली गाय वळूपेक्षा कमी धोकादायक नसते. तुमच्याबरोबर कुत्रा असेल आणि गाई अंगावर आल्याच, तर कुत्र्याला सोडून द्या, असं तिथे सांगतात. गाईंचा राग कुत्र्यावर असतो.)

संसदेने वळूची जात विचारावी, एवढं त्या वाटेत काय आहे?

शेत पुरतं खासगी असतं. माती, पीक, कुंपण, सगळं मालकाचं. त्यातून पायी आरपार जाण्याचा हक्क मात्र सगळ्यांचा, मग तो शेजारच्या गल्लीतला म्हातारा असो की कालच लंडनला उतरलेला नाशिककर. कुणाला विचारायचं नाही, पावती फाडायची नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर भरतात. त्या गोठ्यांना खेटून जातात, चर्चच्या आवारातून जातात, क्वचित कुणाच्या परसातूनही जातात. फाटकाच्या खांबावर पिवळा बाण दिसला की वाट पायी चालणाऱ्यांची. निळा असला तर घोडेस्वार आणि सायकलवालेही आले.

शेतकऱ्याने नांगरट केली तर? वाट शेताच्या कडेने असेल तर तिला नांगर लावायचाच नाही. मधून जात असेल तर नांगरता येते, पण पेरणीसाठी पहिल्यांदा जमीन हलवल्यापासून चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, निदान एक मीटर रुंद. म्हणून वसंतात पोटरीएवढ्या हिरव्या गव्हातून एक उघडी, तपकिरी पट्टी सरळ पलीकडच्या कुंपणापर्यंत गेलेली दिसते. ज्याचं पीक, त्यानेच ती राखलेली असते. पट्टीच्या टोकाला बहुधा एक गमतीदार फाटक: घोड्याच्या नालेसारखं छोटं कुंपण आणि त्यात अडकवलेली झुलती झडप. आपण आत शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरायचं, झडप मागे ढकलायची आणि निसटायचं. माणसाला जमतं, गाईला जमत नाही. कडी लावायला कुणी विसरण्याचा प्रश्नच येत नाही.

या वाटा पडल्या कशा, हे त्याहून नवलाचं. पुष्कळशा निव्वळ पावलांनी पडल्या. १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार लोक सलग वीस वर्षं उघडपणे, जबरदस्ती न करता आणि परवानगी न मागता एखाद्या वाटेने चालत राहिले, तर मालकाने ती लोकांना देऊन टाकली असं धरलं जातं. यातली ‘परवानगी न मागता’ ही अट फार बेरकी आहे. मालकाने ‘खुशाल जा’ म्हटलं की हक्काचं घड्याळ थांबतं! म्हणून हुशार जमीनदार वाट अडवत बसत नाही. ‘आमच्या परवानगीने’ अशी पाटी ठोकतो. वीस वर्षांचा हिशेब आपल्यालाही परका नाही. १८८२ च्या भारतीय सुखाधिकार कायद्यात वहिवाटीसाठी तोच आकडा आहे. पण आपली ती वहिवाट साधारणपणे एका शेताची दुसऱ्या शेतावर. तिथली जगातल्या कोणत्याही पायांची.

नदीकाठी तर जुनी भांडणंसुद्धा वाटेत उमटली आहेत. थेम्सच्या काठाने जाणारी सुमारे ३०० किलोमीटरची वाट १९९६ मध्ये खुली झाली. केंबल गावाजवळ एका कुरणात उगमाचा दगड आहे. बऱ्याचदा तिथे थेंबभर पाणी नसतं. नदीशिवायच नदीची वाट सुरू होते. पुढे लेचलेडपासून नदी नौकानयनाजोगी होते, आणि वाट एक कोडं घालू लागते. ती मध्येच डावीकडून उजवीकडे जाते, मग परत येते. पलीकडचा काठ चांगला दिसत असतो, तरी असं का?

कारण ही वाट बव्हंशी घोड्यांसाठी केलेली. मालाचे पडाव प्रवाहाविरुद्ध ओढायला आधी माणसं असत; अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्यांसाठी काठाने सलग वाट करायचं मनावर घेतलं गेलं. एखाद्या जमीनमालकाने आपल्या काठावरून घोडे नेऊ दिले नाहीत, की वाट समोरच्या काठावर न्यायची आणि घोड्याला नावेतून पलीकडे उतरवायचं. रेल्वे आली, पडाव गेले, घोडे गेले, हळूहळू त्या नावाही बंद पडल्या. मोल्सफर्डला म्हणूनच आजचा वाटसरू नदीकाठी चालत येतो आणि एकदम अडतो. जुनी वाट पलीकडच्या काठावर पुढे गेलेली, मधली नाव आता नाही. मग नदी सोडून गावातल्या मोटाररस्त्याने चालायचं आणि पुढे रेल्वेपुलापाशी पुन्हा पाणी गाठायचं. हर्लीजवळ अशाच तुटलेल्या ठिकाणी १९८९ मध्ये खास चालणाऱ्यांसाठी लाकडी पूल बांधला. मोल्सफर्डला अजून रस्त्याचाच वळसा.

कायद्याच्या नजरेत अशी सार्वजनिक वाट भलतीच चिवट. कुणी शंभर वर्षं फिरकलं नाही तरी नुसत्या न वापराने तिचा हक्क बुडत नाही. पण काठ ढासळून वाटेखालची मातीच नदीत गेली, तर हक्कही तिच्याबरोबर वाहून जातो. दोन मीटर मागे सरकून तो आपोआप उभा राहत नाही. समुद्रकाठच्या वाटेसाठी २००९ च्या कायद्याने सोय केली: कडा कोसळला की वाट मागे सरकवता येते. नदीकाठच्या साध्या पायवाटेला ती सोय नाही. तिथे स्थानिक परिषदेला मालकाच्या दारात जाऊन नवी वाट मागावी लागते, आणि तो नाही म्हणाला तर रीतसर आदेश काढावा लागतो.