राइफायझनची पतपेढी आणि आपली सोसायटी

परदेशातली योजना आपल्याकडे चालेल का, या वादात दोन तट ठरलेले आहेत. एक म्हणतो, स्वीडनला जमलं ते इथं का जमू नये; दुसरा म्हणतो, आपली माती वेगळी. दोघांशीही माझं वर्षानुवर्षं वाजत आलं आहे. योजना जिथून उचलायची, तिथं ती चालते कशी हे तपासायला दोघेही तयार नसतात.

ताजी उदाहरणं उरकून घेतो. मुलांना शाळेत पाठवणाऱ्या आणि दवाखान्यात तपासणीला नेणाऱ्या गरीब आयांना रोख रक्कम द्यायला मेक्सिकोनं १९९७ साली सुरुवात केली. ब्राझीलनं तशाच स्वरूपाच्या आपल्या योजना २००३ साली एकत्र केल्या. न्यूयॉर्कनं २००७ साली मेक्सिकोचा कित्ता गिरवला आणि तीन वर्षांत प्रयोग गुंडाळला. यावर भरपूर लिहून झालं आहे. माझा जीव अडकला आहे तो त्याहून कितीतरी जुन्या प्रवासात, जर्मनीतून निघालेल्या गावपतपेढीच्या.

फ्रिडरिश विल्हेल्म राइफायझन हा ऱ्हाइनकाठच्या खेड्यांचा महापौर. १८४६-४७च्या दुष्काळात त्यानं आधी लोकांच्या भाकरीची सोय केली, आणि १८६४ साली हेडेसडॉर्फला कर्ज देणारी संस्था काढली. तिचं कार्यक्षेत्र लहान, पदाधिकारी बिनपगारी आणि सभासदांची जबाबदारी अमर्याद. एकानं कर्ज बुडवलं की झळ शेजाऱ्याच्या शेतापर्यंत पोचायची, म्हणून शेजारी डोळ्यांत तेल घालून बसायचा. एवढं सगळे सांगतात. पुढचं मात्र सांगत नाहीत. या संस्थांमध्ये गावकऱ्यांच्या स्वतःच्या ठेवी होत्या. शिवाय १८८९च्या कायद्यानं दर दोन वर्षांनी बाहेरच्या माणसाकडून तपासणी सक्तीची केली. ते काम संस्थांचेच संघ करू लागले.

हे सुटलं की काय होतं, ते आयर्लंडात दिसलं. १८९४च्या सुमारास होरेस प्लंकेटनं राइफायझनचा नमुना तिथं नेला. जॉर्ज रसेल हा कवी सायकलवरून गावोगाव हिंडून पतपेढ्या काढत होता. मेहनतीत कसूर नव्हती. पण शेतकऱ्याची शिल्लक टपाल बचत खात्यात आणि मोठ्या बँकांत आधीच पडलेली, त्यामुळे पतपेढ्या सरकारी पैशावर जगू लागल्या. शेजाऱ्यावर वसुलीला जायला कुणी धजेना आणि दप्तर तपासणारा खमका संघही उभा राहिला नाही. त्याच आयर्लंडात, त्याच माणसांच्या सहकारी दूधसंस्था मात्र रुजल्या. माती नापीक होती म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आपल्याकडे गरज जुनी. १८७५ला सुप्यात सावकारांची खतपत्रं जळली, १८७९ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढून पाहावी ही वेडरबर्न आणि रानड्यांची योजना लंडनच्या भारतमंत्र्यांनी फेटाळली. मग फ्रेडरिक निकल्सननं मद्रास सरकारला दिलेल्या अहवालात राइफायझनचा जोरदार पुरस्कार केला आणि १९०४ला सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात गदगजवळच्या कणगिनहाळला संस्था निघाली. अमर्याद जबाबदारी आपण घेतली, लहान कार्यक्षेत्र घेतलं. पण जर्मनीत सभासद आधी जमले होते. आपल्याकडे निबंधक आधी आला आणि सभासद त्याच्या मागून. पन्नास वर्षांनी, १९५४ला, गोरवाला समितीनं हिशेब मांडला तेव्हा शेतकऱ्यानं काढलेल्या कर्जातले शंभरातले जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांचे होते. त्यावर समितीनं उपाय सुचवला तो सरकारी भागीदारीचा. ठेवींचा मुद्दा मागे पडला तो पडलाच.

त्याचं फळ दप्तरात दिसतं. लेखापरीक्षणात माझी उमर गेली, तेव्हा मार्चअखेर मी जवळून पाहिली आहे. शेतकरी अडत्याकडून आठ दिवसांच्या बोलीवर पैसे उचलतो आणि सोसायटीत भरतो. गटसचिव पावती फाडतो, कर्ज खतावणीतून उतरतं. आठवड्यात तेवढंच, किंवा व्याज धरून थोडं जास्त, नवं कर्ज मंजूर होतं. रक्कम अडत्याकडे परत जाते आणि आठ दिवसांचं व्याज शेतकऱ्याच्या माथी बसतं. जिल्हा बँकेकडे जाणाऱ्या तक्त्यात वसुली झळकते. गावात याला नवं-जुनं करणं म्हणतात आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. पैसा गावाचा असता तर वाटलं असतं.

म्हणून मला लोणी या गावाबद्दल नेहमी भरभरून लिहावंसं वाटतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ला तिथं पतसंस्था काढली होती. प्रवरेचा साखर कारखाना १९५०ला सुरू झाला तो त्या मुरलेल्या सवयीवर. कालव्याचं पाणी होतं, ऊस होता, शेतकऱ्यांनी पै-पै करून जमवलेलं भागभांडवल होतं, आणि धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून बैठकीत बसत होता. सरकारी मदत तिथंही होती, बरीच होती. पण आपले शेअर कुठं गेले हे विचारणारा सभासद आधी होता. पुण्यामुंबईच्या नागरी बँकांचंही तेच. कॉसमॉस १९०६ची, सारस्वत १९१८ची. त्या ठेवीदारांच्या पैशावर वाढल्या.

आज सहकारी साखर कारखान्यांच्या सभांत ताळेबंदावर प्रश्न विचारणाऱ्याच्या हातातून माईक काढून घेतला जातो, हे पाहून पोटात तुटतं. घटनेच्या ९७व्या दुरुस्तीनंतर लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेकडे आला. कागदावर ही सभासदांची सत्ता. प्रत्यक्षात सभेपुढे जे नाव येतं ते संचालक मंडळानं आधीच ठरवलेलं असतं आणि ज्याची तपासणी व्हायची तोच तपासनीस निवडतो. सरकारी लेखापरीक्षक परत आणा, असं काही जुने सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही; त्या खुर्चीवर वरून येणारे फोन मला ठाऊक आहेत. संस्थांनी वर्गणी काढून चालवलेला, मंडळांपासून आणि मंत्रालयापासून सारखाच दूर असलेला तपासणी संघ जिल्ह्याजिल्ह्यात हवा. १८८९च्या कायद्यानंतर जर्मनीत जे घडलं त्यातला हाच भाग आपण आणला नाही. तो आणायला नव्या शिष्टमंडळाची गरज नाही. एखाद्या जिल्ह्यातल्या पाच-पंचवीस सोसायट्यांनी एकत्र येऊन ठराव केला तर येत्या मार्चपासून सुरुवात होऊ शकते.