भविष्याचा कपडेपट

विज्ञानपटांची वेशभूषा करणारा माणूस आजवर कुणी न पाहिलेलं काहीतरी शून्यातून उभं करतो, असा समज पक्का आहे. या कामाकडे करिअर म्हणून बघणारी मुलं मग चकचकीत कापडं आणि चमत्कारिक आकार यांच्या मागे लागतात. जॉन मोलो यांचं काम नीट पाहिलं, तर हा समज टिकत नाही.

मोलो लंडनचे, लष्करी गणवेशांचे अभ्यासक. त्या विषयावर त्यांनी पुस्तकं लिहिली होती, ऐतिहासिक चित्रपटांना सल्ला दिला होता. स्वतंत्र वेशभूषाकार म्हणून त्यांचा पहिलाच चित्रपट ‘स्टार वॉर्स’ (१९७७). त्यातला खलनायक डार्थ व्हेडर हा चित्रकार राल्फ मॅक्वॉरी यांनी आधी कागदावर उतरवला होता. एका यानातून दुसऱ्या यानात जाताना हा माणूस श्वास कसा घेणार, या प्रश्नातून त्याचा मुखवटा आला. आता हा सगळा वेश खऱ्या माणसाच्या अंगावर चढवायचा होता. मोलो लंडनमधल्या बर्मन्स अँड नेथन्स या कपडे भाड्याने देणाऱ्या पेढीत गेले. एका विभागातून मोटरसायकलस्वाराचा काळा चामडी सूट घेतला, दुसरीकडून गॅस मास्क आणि जर्मन धाटणीचं शिरस्त्राण, मध्ययुगीन कपड्यांतून मठवासी साधूचा झगा. हे सगळं एकावर एक चढवल्यावर व्हेडरचं पहिलं रूप दिसू लागलं. पुढे मुखवट्याला शिल्पकार ब्रायन म्युर यांनी आकार दिला. प्रेक्षकाला त्या काळ्या आकृतीची भीती वाटते, कारण तिच्यातला प्रत्येक तुकडा त्याने युद्धाच्या छायाचित्रांत किंवा जुन्या गोष्टींत कुठेतरी पाहिलेला असतो. ओळखीचं काहीच नसेल, तर भीती तरी कशाची वाटणार?

यातच दुसऱ्या गैरसमजाचं उत्तर आहे: चित्र दुसरा काढतो, वेशभूषाकार फक्त शिवून घेतो. कागदावरच्या माणसाला घाम येत नाही, त्याला बसावं लागत नाही. सी-थ्रीपीओ या सोनेरी यंत्रमानवाच्या वेशातल्या अँथनी डॅनियल्स यांना बसताच येत नसे. दोन शॉट्सच्या मधे ते तिरक्या फळीला टेकून विसावत. नट त्या वेशात वळेल कसा, त्याला नीट दिसेल का, तो पटकन बाहेर कसा पडेल, हे प्रश्न सोडवायला शिल्पकार, चर्मकार, ओतकाम करणारे, शिंपी असे अनेक हात लागतात. ते सगळे हात एका दिशेला लावणं हेच वेशभूषाकाराचं खरं काम.

‘आता तर सगळं संगणकावरच होतं’ हे मात्र अर्धं खरं. ‘ग्रॅव्हिटी’त (२०१३) तरंगण्याच्या अनेक दृश्यांत नटांचे चेहरे तेवढे खरे होते, अंतराळपोशाख संगणकावर घडवलेले. पण ‘ड्यून’साठी (२०२१) जॅकलिन वेस्ट आणि बॉब मॉर्गन यांनी वाळवंटातले पोशाख नटांच्या मापाने खरोखर बनवले आणि ते जॉर्डन-अबू धाबीच्या वाळूत वापरले गेले. ‘ब्लॅक पँथर’मधल्या (२०१८) राणी रामोंडाचा मुकुट थ्रीडी प्रिंटरवर झाला खरा, पण त्याचा आकार रूथ कार्टर यांनी झुलू विवाहित स्त्रियांच्या पारंपरिक टोपीवरून घेतला. यंत्र नवं असलं, तरी काय घडवायचं हे अभ्यासानेच ठरलं.

एकदा विज्ञानपट केला की त्याच चाकोरीत अडकायला होतं, ही भीतीही निराधार आहे. जेनी बेव्हन यांना ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ या जुन्या इंग्लंडातल्या कथेसाठी ऑस्कर मिळालं आणि ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ या विज्ञानपटासाठीही. कार्टर ‘ब्लॅक पँथर’आधी ‘माल्कम एक्स’ आणि ‘अमिस्ताद’ हे ऐतिहासिक चित्रपट करून आल्या होत्या. आणि मोलो? ‘स्टार वॉर्स’ने त्यांना पहिलं ऑस्कर दिलं. दुसरं ‘गांधी’साठी, १९८३ मध्ये, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्याबरोबर. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यांचं शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं, आणि ‘आम्रपाली’च्या (१९६६) वेशभूषेसाठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासली होती.