बंदूक, आखूड नळीची (अस्वलापासून संरक्षणार्थ)

छर्ऱ्यांची किंवा एकाच शिशाच्या गोळीची काडतुसे उडविणारी, गुळगुळीत व आखूड नळीची खांद्यावरील बंदूक. नेहमीच्या दुनळी शिकारी बंदुकीची नळी सु. ६६–७६ सेंमी. असते व दाट झुडपांत ती चटकन वळविता येत नाही. म्हणून अलास्कासारख्या प्रदेशात आखूड नळी पसंत केली जाते. बारा बोअर हे तिचे रूढ माप होय : एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास एका गोळीचा जो व्यास येतो (सु. १८.५ मिमी.), तोच नळीचा अंतर्व्यास. केवळ आखूडपणामुळे छर्रे फार फाकतात, हा समज बरोबर नाही. फाकणे मुख्यतः नळीच्या तोंडाशी असलेल्या संकोचावर अवलंबून असते. नळी कापली की हा संकोचच नाहीसा होतो, म्हणून तो समज रूढ झाला असावा. वेग थोडा घटतो. आवाज व झगझगाट मात्र वाढतात. पाखरांसाठीचे बारीक छर्रे अस्वलावर निरुपयोगी ठरतात, सु. २८ ग्रॅ. वजनाची एकच गोळी खोलवर जाते. पुण्यातील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) बारा बोअरची काडतुसे बनत आली आहेत.

महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा, गडचिरोली व बुलढाण्यातील ज्ञानगंगा येथे अस्वल (मेलर्सस अर्सिनस) आढळते. ते अवचित जवळ आलेल्या माणसापासून पळण्याऐवजी बहुधा त्याच्यावरच धावते आणि डोके व चेहरा यांवर नख्या मारते. वाघाच्या दीर्घ सहवासात हा स्वभाव घडला असावा, असे मानतात. अंतर काही पावलांचेच असल्याने खांद्यावरची बंदूक रोखण्यास अवधी मिळत नाही. अलास्कातील प्रसंगांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बंदूक वापरणारे व न वापरणारे यांच्या इजांत लक्षणीय फरक दिसला नाही. मिरचीतील तिखट द्रव्याच्या फवाऱ्याचा अनुभव अधिक चांगला आहे.

भारतात २० इंचांहून (५०.८ सेंमी.) कमी नळीची गुळगुळीत बंदूक शस्त्रनियमांच्या कडक निर्बंधांच्या वर्गात मोडते. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार नळी कापण्यासही परवाना लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे; सद्‌भावनेने आत्मरक्षणार्थ त्याला मारणे अपराध नसला, तरी अभयारण्यात परवानगीविना शस्त्र नेता येत नाही व मारलेले जनावर शासनाची मालमत्ता ठरते. ज्यांना धोका सर्वाधिक, त्या पहाटे मोहफुले वेचणाऱ्यांच्या हाती बंदूक नसतेच. ते घोळक्याने, मोठ्याने बोलत, काठी आपटत जातात. अस्वलाला आधीच चाहूल लागावी हा त्यामागील हेतू असतो.