विश्लेषण : संगणकाने ‘आपोआप’ मांडलेले इमारतीचे गणित कुठे चुकते?

इमारतीच्या त्रिमितीय आराखड्यावरून तिच्या ताकदीचे गणित मांडण्यासाठी लागणारा सांगाडा आजची सॉफ्टवेअर काही क्षणांत तयार करतात. पण पडद्यावर नीट जोडलेले दिसणारे बीम-कॉलम गणितात मात्र सुटे राहू शकतात. असे का होते, दोष कसा शोधतात आणि तो दुर्लक्षित राहिला तर काय घडू शकते, याविषयी…

विश्लेषणाचे प्रतिरूप म्हणजे काय?

आराखड्यातील बीम, कॉलम, स्लॅब यांना लांबी, रुंदी आणि जाडी असते. ताकदीचे गणित करताना मात्र बीम आणि कॉलम यांची केवळ मध्यरेषा धरतात, स्लॅब आणि भिंतीचा एक पातळ पृष्ठभाग होतो आणि सांधा म्हणजे एक बिंदू. या रेषा-बिंदूंच्या सांगाड्याला विश्लेषणाचे प्रतिरूप म्हणतात. भार एका घटकाकडून दुसऱ्याकडे जातो तो याच बिंदूंमधून. दोन रेषा एका बिंदूत मिळाल्या नाहीत, तर त्या गणिताच्या दृष्टीने एकमेकींना ओळखतही नाहीत.

जोडलेले दिसते ते सुटे कसे राहते?

एक साधे उदाहरण. ४५० मिमी खोलीचा बीम आणि १२५ मिमी जाडीचा स्लॅब यांचे वरचे पृष्ठभाग एकाच पातळीत आहेत. प्रत्यक्षात काँक्रीट एकसंध ओतलेले असते. पण बीमची मध्यरेषा वरून २२५ मिमी खाली, तर स्लॅबची ६२.५ मिमी खाली येते. म्हणजे गणितात दोहोंमध्ये १६२.५ मिमीची फट पडते. तसेच ६०० मिमी रुंदीच्या कॉलमच्या बाहेरच्या कडेला टेकवून २३० मिमी रुंदीचा बीम काढला, की दोघांच्या मध्यरेषांत १८५ मिमीचे अंतर पडते. ही दरी सांधण्यासाठी सॉफ्टवेअर ‘अमुक अंतराच्या आतले बिंदू एकत्र कर’ असा नियम लावते. हे अंतर कमी ठेवले तर फटी उरतात; फार वाढवले तर जिन्याच्या लँडिंगचा बीम आणि मजल्याचा बीम असे मुळात वेगळे असलेले घटकही एकमेकांना चिकटतात.

अशी एक फट किती महागात पडते?

दोन्ही टोकांना साधा आधार असलेला ६ मीटरचा बीम प्रतिमीटर २० किलोन्यूटन भार पेलत असेल, तर त्याच्या मध्यभागी ९० किलोन्यूटन-मीटर एवढा बेंडिंग मोमेंट येतो. आता एक टोक कॉलमला जोडलेच गेले नाही आणि दुसरे पक्के जोडले असेल, तर गणितात तो बाल्कनीसारखा अधांतरी बीम होतो आणि आधारापाशी ३६० किलोन्यूटन-मीटर, म्हणजे चौपट मोमेंट दिसतो. आणि यात संगणक एकही चूक दाखवत नाही, कारण अधांतरी बीमही गणिताला मान्य असतो. दोन्ही टोके सुटली, तर सॉफ्टवेअर ‘संरचना अस्थिर’ असा इशारा देऊन थांबते. त्यामुळे जिथे गणित अडते तो दोष त्रासदायक असला, तरी खरा धोका चुकीच्या प्रतिरूपावर सुरळीत पूर्ण होणाऱ्या गणिताचा असतो.

प्रत्यक्षात असे घडले आहे का?

अमेरिकेतील हार्टफोर्ड सिव्हिक सेंटरचे लोखंडी छत १८ जानेवारी १९७८ रोजी पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळले. काही तासांपूर्वीच तिथे सुमारे ५ हजार प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहत होते. त्या काळी प्रतिरूप आपोआप तयार होत नसे, पण चूक याच जातीची होती. वरच्या दाबाखालील दांड्यांना मध्यभागी पक्का आधार आहे, असे संगणकीय गणितात धरले होते. प्रत्यक्षात आधार देणारे तिरपे दांडे त्यांच्या मध्यरेषेत न मिळता काही अंतर खाली मिळत होते, त्यामुळे तो आधार कमकुवत ठरला. सडपातळ दांड्याची आधाराविना लांबी दुप्पट झाली, तर बाक येण्यापूर्वी तो पेलू शकणारा भार तत्त्वतः एकचतुर्थांश होतो. बांधकामादरम्यान छत अंदाजाच्या जवळपास दुप्पट वाकल्याचे दिसले होते. त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले.

दोष शोधतात कसा?

पहिली तपासणी वजनाची. केवळ स्वतःचे वजन लावून गणित करायचे आणि पायाशी येणाऱ्या बलांची बेरीज हाताने काढलेल्या वजनाशी ताडायची. १० मीटर बाय १२ मीटरचा, १५० मिमी जाडीचा स्लॅब, काँक्रीटची घनता प्रतिघनमीटर २५ किलोन्यूटन धरल्यास, ४५० किलोन्यूटन भरतो. पायाशी त्यापेक्षा कमी आले, तर कुठला तरी भाग प्रतिरूपातून गळला आहे. मात्र बेरीज जुळली, तरी भार योग्य वाटेने गेला याची खात्री होत नाही. म्हणून पुढे वाकलेल्या इमारतीचे चित्र मोठे करून पाहतात. सुटलेला बीम त्यात बाजूला भिरकावल्यासारखा दिसतो. तिसरी तपासणी कंपनांची. एखादा एकटाच बीम अतिशय संथ डोलत असेल, तर त्याचे टोक सुटलेले असते किंवा दोन्ही टोकांना पीळ सोडून दिलेला असतो. इमारत मोठी असेल तर एकेक मजला वेगळा करून तपासणे सोपे जाते.

दुरुस्ती कुठे करायची?

शक्य तिथे मूळ आराखड्यात. केवळ प्रतिरूपातल्या रेषा ओढून जुळवल्या, तर आराखडा पुन्हा अद्ययावत करताना तोच दोष परत येऊ शकतो. मध्यरेषांमधले अंतर खरेच असेल, तर ते लपवण्याऐवजी दोन बिंदूंमध्ये ताठ दुवा देऊन गणितात आणतात. ऑटोडेस्क कंपनीने ‘रेव्हिट’च्या २०२३ आवृत्तीत आराखडा आणि विश्लेषणाचे प्रतिरूप यांची पूर्वीची आपोआप सांगड सोडवली. आता अभियंता प्रतिरूप स्वतंत्रपणे रचू शकतो किंवा ठरवून दिलेल्या नियमांनुसार तयार करून घेऊ शकतो.

मग हाताने केलेले गणित कालबाह्य झाले का?

नाही. नॉर्वेतील स्लाइप्नर तेलमंचाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी चाचणीदरम्यान बुडाला. संगणकीय जाळीची मांडणी सदोष असल्याने भिंतींवरील कातरबल सुमारे ४७ टक्के कमी धरले गेले होते. दुर्घटनेनंतरच्या बारकाईच्या विश्लेषणात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली. म्हणजे उत्तर हाती येण्यासारखे होते, तपासणी वेळेत व्हायला हवी होती. प्रतिरूप कोणीही वा कशानेही तयार केले, तरी नकाशावर सही अभियंत्याचीच असते.