हृदयासाठीं बाटलींतलें बळ

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गांवचीं मुलें शिकून पुणें, हैदराबाद किंवा थेट अमेरिका गांठतात, आणि मागें राहिलेल्या आईवडिलांची काळजी वाहण्याचा एक नवा प्रकार अलीकडे रूढ झाला आहे. सुटींत घरीं येणारा मुलगा मिठाईच्या पुड्याबरोबर कॅप्सूलच्या दोन-तीन बाटल्या आणतो. एक माशाच्या तेलाची, एक जीवनसत्त्वांची, एक लसणीच्या अर्काची. आणि प्रत्येकीवर लाल हृदयाचें चित्र. फडताळांत त्या ओळीनें लागतात व कोणती कोणीं केव्हां घ्यावयाची हें सुनेनें ध्यानांत ठेवावयाचें. यांत प्रेम आहे, खर्चही आहे; परंतु आम्हांस चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. बाटल्या घरांत आल्या कीं डॉक्टरांनीं लिहून दिलेली रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची साधी, स्वस्त गोळी हळूंच मागें पडते. ‘हें नैसर्गिक, तें औषधी’ असा भेद मनांत रुजतो आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा कोणासही न सांगतां गोळी बंद करितात. अशा घरांत पूरकांची निवड ही केवळ हौसेची बाब राहत नाहीं.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. आपल्या देशांत हीं पूरकें औषधें नसून अन्न समजलीं जातात. त्यांचे नियम २०१६ सालीं झाले. त्यांनुसार बाटलीवर ‘औषधी उपयोगासाठीं नाहीं’ असें छापावें लागतें. तें इतक्या बारीक अक्षरांत असतें कीं चष्मा पुसून वाचावें! १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानें तर हृदयविकार व रक्तदाब बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरातच निषिद्ध ठरविली आहे. तेव्हां जो विक्रेता ‘रक्तवाहिन्यांतील अडथळे विरघळतात’ असें सांगतो, त्याच्या मालाची पुढील चौकशी करण्याचें कारणच उरत नाहीं. केंब्रिजहून १९३९ सालीं पदवी घेऊन आलेल्या डॉ. कमलाबाई सोहोनी यांनीं उतारवयांत ग्राहक-चळवळींत राहून अन्नांतील भेसळ घरच्या घरीं ओळखण्याचे उपाय गृहिणींस शिकविले. तीच चिकित्सक दृष्टि या बाटल्यांकडे वळविण्याची आतां वेळ आली आहे.

माशाच्या तेलाचा बोलबाला सर्वांत मोठा. त्याला आधार मुळींच नव्हता असें नाहीं. १९९९ सालीं इटलींत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११,३२४ रुग्णांवर प्रयोग झाला व रोज सुमारें एक ग्रॅम ओमेगा-३ घेणारांत मृत्यु कांहीं प्रमाणांत कमी आढळले. परंतु पुढें उपचार सुधारले, आणि अमेरिकेंत २५,८७१ निरोगी प्रौढांवर सुमारें पांच वर्षें चाललेल्या प्रयोगाचा निकाल २०१८ सालीं आला तेव्हां या तेलानें हृदयविकार, पक्षाघात व तज्जन्य मृत्यु यांची एकत्रित संख्या लक्षणीय घटली नाहीं. त्याच प्रयोगांत ड जीवनसत्त्वानेंही हृदयास लाभ झाला नाहीं. मोठ्या मात्रेंत माशाचें तेल घेतल्यास हृदयाची गति अनियमित होण्याचा धोका वाढतो, हेंही निरनिराळ्या प्रयोगांतून दिसलें आहे. शाकाहारी घरांत आणखी एक पेंच असतो. परदेशी बाटलीवर आपल्याकडील हिरवी खूण नसते, आणि तेल सोडाच, वरचें मऊ वेष्टनही बहुधा प्राणिज जिलेटिनचें असतें. सोंवळ्यांत वावरणाऱ्या आजीला तें न सांगतां देणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

इ जीवनसत्त्वाची कथा याहून थोडक्यांत आटोपते. त्याचे मोठे प्रयोग झाले, हृदयास लाभ दिसला नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें हृदयविकार टाळण्यासाठीं तें घेऊं नये असाच सल्ला दिला. ब-१२ मात्र थोडें थांबून पाहण्याजोगें आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानें पुणें व आसपासचे ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हां ६७ टक्क्यांच्या रक्तांत हें जीवनसत्त्व कमी आढळलें, आणि शहरी मध्यमवर्ग यांत पुढेंच होता. हें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. शुद्ध शाकाहारी वडीलधाऱ्यांनीं तपासणी करून उणीव असल्यास ब-१२ अवश्य घ्यावें. पण तें रक्तासाठीं व मज्जातंतूंसाठीं. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या, ५,५२२ रुग्णांवरील दुसऱ्या प्रयोगांत ब-गटाच्या गोळ्यांनीं हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहींत.

आतां लसूण, हळद, दालचिनी. स्वयंपाकघरांतील या मंडळींवर आपला जन्मजात विश्वास. २०२२ सालीं अमेरिकेंत एक मौजेचा सामना झाला. कोलेस्टेरॉलची नेहमींची औषधी गोळी, अगदीं लहान म्हणजे ५ मिलिग्रॅमची, एका बाजूस; आणि माशाचें तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिज स्टेरॉल व लाल किण्वित तांदूळ हीं सहा पूरकें दुसऱ्या बाजूस. अठ्ठावीस दिवसांत गोळीनें घातक कोलेस्टेरॉल सुमारें ३८ टक्क्यांनीं उतरविलें. सहांपैकीं एकही पूरक नुसत्या पोकळ गोळीहून सरस ठरलें नाहीं. लसणीच्या गटांत तर तें किंचित् वाढलेलेंच दिसलें. प्रयोग लहान व अल्पकाळाचा होता हें खरें, तरी फोडणींतील लसणीनें समाधान मानावें व तिच्या कॅप्सूलसाठीं पैसे मोजूं नयेत, इतका बोध त्यांतून घेण्यास हरकत नाहीं. लाल किण्वित तांदळापासून तर दूरच राहावें. त्यांत कोलेस्टेरॉलच्या औषधाचाच एक भाऊबंद निसर्गतः असतो, पण किती, याचा भरंवसा नसतो. जपानांत २०२४ सालीं अशाच गोळ्यांनंतर अनेकांच्या मूत्रपिंडांस इजा झाल्याचें उघडकीस आलें व सारा माल परत घ्यावा लागला.

ज्यांचें रक्त पातळ ठेवण्याचें औषध चालू आहे त्यांनीं लसणीचे अर्क, माशाचें तेल किंवा के जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनानें सुरू करूं नयेत. लातूरला तपासणीस जातांना घरांतील सर्व बाटल्या, आयुर्वेदिक धरून, एका पिशवींत घालून डॉक्टरांपुढें ठेवाव्या. तोंडी सांगतांना निम्म्या विसरतात असा आमचा अनुभव आहे.

मग घ्यावें तरी काय? विकत घेण्याजोगें आम्हांस एकच दिसतें, आणि तें आपल्या आजोळचेंच आहे: इसबगोल. त्यांतील विरघळणारा चोथा आंतड्यांत पित्ताम्लांस धरून ठेवितो, यकृतास नवें पित्त करण्यासाठीं रक्तांतील कोलेस्टेरॉल खर्ची घालावें लागतें, आणि त्याचें प्रमाण थोडें उतरतें. अमेरिकन सरकारनें १९९८ सालीं या गुणाचा उल्लेख वेष्टनावर करण्यास मुभा दिली. भरपूर पाण्याबरोबर घ्यावें व इतर औषधांपासून दोन तासांचें अंतर ठेवावें. तें गोळीस जोड म्हणून. गोळीच्या जागीं नव्हे.

बाकीचें आपल्या मराठवाड्याच्या काळ्या मातींतच आहे. जवस भाजून, कुटून केलेली चटणी ओमेगा-३ च्या वनस्पतिज रूपानें समृद्ध असते. शरीर त्याचा अल्पांशच माशांतील प्रकारांत बदलूं शकतें, तरी चोथ्यासह ती पोटांत जाते हा लाभ लहान नव्हे. अख्खा जवस न पचतां निघून जातो आणि कुटलेला लवकर खवट होतो, म्हणून आठवड्यापुरतीच करावी. करडईच्या तेलाविषयीं मात्र थोडें सावधपणें बोललें पाहिजे. सिडनी येथें १९६६ ते १९७३ या काळांत झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांपैकीं निम्म्यांना करडईचें तेल व त्यापासून केलेलें मार्गारीन दिलें गेलें. कोलेस्टेरॉल उतरलें, पण जुन्या चुंबकीय फितींवरील आंकडे पुन्हां तपासून २०१३ सालीं निकाल प्रसिद्ध झाला तेव्हां त्या गटांत १७.६ टक्के व दुसऱ्यांत ११.८ टक्के मृत्यु आढळले. एवढ्या एका प्रयोगावरून आपल्या घाण्याच्या तेलास दोष देणें योग्य नाहीं, कारण इतरत्र याउलटही निष्कर्ष निघाले आहेत; पण ‘हृदयाला चांगलें’ म्हणून तेच तें तेल हात सैल सोडून वापरूं नये. शेंगदाण्याचें, करडईचें, मोहरीचें असें आलटून पालटून, व बेतानें. गांवाचें नांव मिरविणारा तो तेलांत न्हालेला, चमचमीत निलंगा राइस महिन्यांतून एकदां खावा, नाश्त्याला रोज नव्हे. ज्वारीची भाकरी, कोवळ्या करडईची भाजी आणि २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळविलेल्या बोरसुरीच्या तूरडाळीचें वरण यांस कोणत्याही कॅप्सूलपुढें मान खालीं घालावी लागणार नाहीं.

राहतां राहिलें मीठ. दिवसाला माणशीं पांच ग्रॅमच्या आंत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यांत लोणचें, पापड, सांडगे सर्व आलें. २०२१ सालीं चीनमधील ६०० खेड्यांतून सुमारें २१,००० लोकांना सोडियम कमी व पोटॅशियम अधिक असें मीठ देऊन पाहिलें; पक्षाघात १४ टक्क्यांनीं घटले. असें मीठ आतां आपल्याकडेही मिळतें, पण ज्या घरांत कोणाचीं मूत्रपिंडें मंदावलीं आहेत किंवा पोटॅशियम वाढविणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तेथें रक्त तपासून डॉक्टरांनीं होय म्हटल्यावांचून तें डब्यांत भरूं नये.