मिळून काढू छोटा सिनेमा

जत्रेत तमाशाचा फड उभा राहतो. एक जण ढोलकी वाजवतो, दुसरा तुणतुणे धरतो, तिसरी लावणी म्हणते. एकट्याने तमाशा होतो का? नाही. सिनेमाचेही तसेच आहे.

सिनेमा म्हणजे काय, ते आधी पाहू. पडद्यावरचे चित्र खरे तर हलत नसते. एका सेकंदात २४ स्थिर चित्रे डोळ्यांपुढून भरभर सरकतात. म्हणून ते हलल्यासारखे वाटते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याचे रोप वाढताना थोडी थोडी चित्रे घेतली. ती जोडून दाखवली, तेव्हा रोप झरझर वाढताना दिसले!

१९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. नाव फाळक्यांचे झाले. पण घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. शिवाय फिल्मच्या कडेला भोके पाडीत, फिल्म धूत. हे हात पडद्यावर दिसले नाहीत. ते नसते, तर सिनेमाही झाला नसता.

आता कॅमेरा मोबाइलमध्येच आला आहे. गावची पोरेही सिनेमा काढू शकतात. पण एक खोड पडते. ज्याचा मोबाइल, त्याचा सिनेमा! तो हुकूम सोडतो, बाकीचे ऐकतात. मुलींच्या वाट्याला चहा करणे येते. याला मिळून केलेले काम म्हणत नाहीत.

मग कसे करावे? समजा, सांगलीजवळच्या हरिपुरात दहा मुले-मुली जमली. हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. पेव म्हणजे जमिनीत खणलेले खोल कोठार. तोंड अरुंद, पोट मोठे. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले. हळद नासली. पेवांची माहिती असलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. ती गेली, की त्यांच्याबरोबर माहितीही जाईल. म्हणून हा विषय चांगला.

पहिल्या दिवशी मोबाइल घरीच ठेवा. पेवावर हमाली केलेल्या एखाद्या आजोबांकडे जा. नुसते ऐका. मग सर्वांनी बसून एका वाक्यात लिहा, की आपल्याला काय सांगायचे आहे. वाक्य जमत नसेल, तर सिनेमाही जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी कागदावर चौकोन आखा. पहिले चित्र कोणते, पुढचे कोणते, ते त्यांत काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. मग कामे वाटा. एकाने कॅमेरा धरावा, एकीने प्रश्न विचारावे, एकाने आवाज ऐकावा, एकीने यादी ठेवावी. आणि रोज कामे बदला. काल यादी ठेवणारी आज कॅमेरा धरील.

मोबाइल आडवा धरा. हात हलू देऊ नका. एक चित्र दहा सेकंद तरी घ्या. आधी लांबून, मग जवळून. वारा सुटला असेल तर आडोशाला बसून बोला. आणि बरं का, पेवात कोणी उतरू नका. आत हवा कोंडलेली असते, त्याने जीव जातो. चित्र बाहेरूनच घ्या.

सर्वांत मोठी गोष्ट परवानगीची. “आजोबा, तुमचे चित्र घेऊ का? ते शाळेत दाखवणार आहोत,” असे आधी विचारा. ते “नको” म्हणाले, तर मोबाइल खाली ठेवा.

शेवटी जोडणी. तासभराच्या चित्रांतून पाच मिनिटे निवडायची. इथे भांडणे होतात. प्रत्येकाला आपलेच चित्र हवे असते. तेव्हा पहिले वाक्य पुन्हा वाचा. जे चित्र त्या वाक्याला लागते, ते ठेवा. बाकीचे सोडा. तयार सिनेमा प्रथम आजोबांना दाखवा. “मी असे बोललो नव्हतो,” असे ते म्हणाले, तर जोडणी पुन्हा करा.

साताऱ्याच्या माण तालुक्यातली पोरे मेंढपाळांची गोष्ट घेतील. चाऱ्यासाठी कळप घेऊन ती माणसे महिनोन् महिने परमुलखात राहतात. विषय गावोगाव वेगळा. रीत मात्र हीच.

सिनेमाच्या शेवटी सर्वांची नावे लिहा. ज्यांनी बसायला ओटा दिला, त्यांचेही लिहा. सरस्वतीबाईंसारखे कोणाचे हात अंधारात राहू देऊ नका.